कोपरामागची नस : कुष्ठरोगाचे निदान डोळ्यांकडून बोटांकडे कसे आले

१/
कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत विजेची सणक जाते. क्षणभर हात आपला राहत नाही. हाडाला लागले असे वाटते, पण लागलेले असते मज्जातंतूला. अल्नर नावाचा हा मज्जातंतू दंडातून खाली येताना कोपराच्या आतल्या उंचवट्यामागील खोबणीतून जातो आणि तेथे त्याच्यावर त्वचेखेरीज जवळजवळ काहीच आवरण नसते. बाकी सर्वत्र स्नायूंत दडलेली ही वाहिनी येथे बोटाला लागते. या एका उघड्या जागेने एका रोगाचे निदान बदलले. हा धागा त्याविषयी.

२/
सुरुवात गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यापासून करावी लागते, कारण हा इतिहास अजून तिथे संपलेला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे प्रमाण राज्याच्या इतर भागांपेक्षा दीर्घकाळ अधिक राहिले आहे. आणि हा सारा धानाचा मुलूख आहे.

३/
धानाची रोवणी म्हणजे चिमटीचे काम. चिखलाने भरलेल्या बांधीत वाकून, डाव्या हातातल्या पेंढीतून दोनचार पऱ्हे सोडवायचे आणि अंगठा व बोटांच्या टोकांनी ते चिखलात खोचायचे. दिवसभरात हजारो वेळा. या एका हालचालीसाठी तळहातातील बारीक स्नायू लागतात आणि त्यांतील बहुतेकांना आज्ञा पोचते ती कोपरामागून जाणाऱ्या त्याच मज्जातंतूतून. तो निकामी झाला की करंगळी व अनामिका आत वाकतात, अंगठ्याचा जोर जातो. हात जागेवर असतो, चिमूट नसते. पुढच्या हंगामाची मजुरीही नसते.

४/
आता मागे जाऊ. प्राचीन वैद्यकात ‘कुष्ठ’ हा शब्द एका रोगाचा नव्हता. आयुर्वेदाने त्याचे अठरा प्रकार मोजले आणि त्यांत आज ज्यांना साधे त्वचाविकार म्हणतो तेही अनेक होते. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या लक्षणांत स्पर्शहानी, म्हणजे त्वचेची संवेदना जाणे, स्पष्ट नोंदलेली आहे. हे निरीक्षण अचूक होते. त्याच संहितेत शवविच्छेदनाची रीतही आहे : मृतदेह गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालावा, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा आणि मग कूर्च्याने थर खरवडत एकेक अवयव पाहावा. पण ज्या शरीरात संवेदना हरवली, त्या शरीराच्या आत काय घडले, हा प्रश्न त्या पिंजऱ्यापर्यंत पोचल्याचे दिसत नाही.

५/
समाजाने तर निदान केवळ डोळ्यांवर सोडले. मराठीत महारोग, रक्तपिती हे शब्द रूढ झाले ते जखमा आणि झडलेली बोटे पाहून. पांढऱ्या डागाच्या निरुपद्रवी कोडालाही त्याच पंगतीत बसवले गेले. याचा परिणाम दुहेरी होता. ज्यांना रोग नव्हता त्यांना गावाबाहेर जावे लागले. ज्यांना होता, त्यांचा रोग बोटे वाकेपर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही.

६/
आधुनिक शवविच्छेदन भारतात आले १८३६ मध्ये, कोलकात्याच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात. पंडित मधुसूदन गुप्तांनी मृतदेहावर सुरी चालवली ती त्याच वर्षी. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, आठ पदवीधर. त्यांत एक भाऊ दाजी लाड. हे नाव पुन्हा येईल.

७/
१८५८ च्या मार्चमध्ये मुंबई बंदरात एक सव्वीस वर्षांचा डॉक्टर उतरला. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. वडील चित्रकार, म्हणून मधले नावही एका चित्रकाराचे. लंडनमध्ये त्याने हेन्री ग्रे या सहकाऱ्याबरोबर सुमारे दीड वर्ष शवविच्छेदने केली होती आणि ग्रेच्या पुस्तकासाठी तीनशे साठांहून अधिक चित्रे काढली होती. कार्टर मुंबईला पोचल्यावर काही महिन्यांनी ते पुस्तक प्रसिद्ध झाले. जग त्याला ‘ग्रेज ॲनाटॉमी’ म्हणते. चित्रकाराचे नाव त्यात नाही.

८/
म्हणजे मुखपृष्ठानंतरच्या पानावर आहे, पण ग्रेने प्रूफ पाहताना ते लहान टायपात घ्यायला लावले. ग्रेला प्रत्येक हजार प्रतींमागे मानधन ठरले होते; कार्टरला एकदाच दीडशे पौंड मिळाले. ज्यांच्या शरीरांवरून ही चित्रे झाली त्यांना अर्थात काहीच नाही. १८३२ च्या ब्रिटिश कायद्याने अनाथगृहांत आणि रुग्णालयांत मेलेल्या, कोणी दावा न केलेल्या गरिबांचे देह शरीरशास्त्राला मिळत. मुंबई प्रांतानेही १९४९ मध्ये बेवारस देहांबाबत असाच कायदा केला. शरीररचनेचे ज्ञान ज्यांच्यामुळे मिळाले, त्यांची नावे कुठल्याच टायपात नाहीत.

९/
कार्टरच्या चित्रांत एक साधी युक्ती होती. आधीच्या ग्रंथांत अवयवांवर बारीक आकडे किंवा अक्षरे असत आणि त्यांचा अर्थ खाली शोधावा लागे. कार्टरने नाव त्या अवयवावरच लिहिले. धमनीचे नाव धमनीच्या वळणाने, मज्जातंतूचे नाव मज्जातंतूच्या लांबीने. नकाशावर नदीचे नाव नदीच्या प्रवाहाने लिहितात, तसे. विद्यार्थ्याला शरीर वाचता येऊ लागले : ही वाहिनी कुठून निघते, कुठे खोल जाते, कुठे वर येते. यातील शेवटचा प्रश्न पुढे महत्त्वाचा ठरतो.

१०/
मुंबईत कार्टर ग्रँट कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागला. त्याच्यासमोर आता लंडनमध्ये न दिसणारे रोग होते. अनवाणी शेतकऱ्यांच्या पायाला सुजवून पोखरणारा ‘मदुरा पाय’ बुरशीमुळे होतो हे त्याने दाखवले, त्याला ‘मायसेटोमा’ हे आजही चालणारे नाव दिले आणि १८७४ मध्ये त्यावर स्वतःच्या चित्रांसह ग्रंथ काढला. पण येथे प्रस्तुत आहे ते त्याचे दुसरे काम.

११/
१८६० च्या दशकाच्या प्रारंभी कार्टरने मुंबईतील कुष्ठरुग्णांची लक्षणे आणि मृत्यूनंतर त्यांच्या शरीरातील बदल यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बधिर झालेल्या हाताची सुरी घेऊन उलट दिशेने वाट शोधत गेले तर काय सापडते? जाड झालेला मज्जातंतू. नॉर्वेत डॅनिएलसन आणि ब्योक यांनी १८४७ मध्येच मज्जातंतूंतील विकृती दाखवली होती, हे येथे नोंदले पाहिजे. कार्टर पहिला नव्हता. पण भारतातील रुग्णांत हा माग पद्धतशीर काढणाऱ्यांत तो आरंभीचा, आणि त्याच्याइतका मज्जातंतूंचा नकाशा हातात बसलेला माणूस त्या वेळी देशात क्वचितच असेल. त्याने तो स्वतःच काढला होता.

१२/
याचा अर्थ सावकाश समजून घ्यायला हवा. चट्टा त्वचेवर दिसतो, म्हणून रोग त्वचेचा, असे हजारो वर्षे मानले गेले. विच्छेदनाने सांगितले की त्वचेवर दिसते ती एक खूण. हाताचे नुकसान आतल्या वाहिनीत होते. म्हणजे रोग पाहण्याइतकाच चाचपण्याचा विषय झाला. आणि वाहिनी कुठे वर येते हे माहीत असेल, तर ती चाचपण्यासाठी सुरीची गरज नाही. जिवंत माणसाच्या कोपरामागे बोट ठेवणे पुरेसे आहे.

१३/
त्याच काळात, त्याच शहरात, भाऊ दाजी दुसऱ्या टोकाने याच रोगाला भिडत होते. कडू कवठाच्या बियांचे तेल देऊन ते कुष्ठरुग्णांवर उपचार करत आणि दूरदूरहून रुग्ण त्यांच्याकडे येत. औषधाचा तपशील त्यांनी बराच काळ गुप्त ठेवला, यावरून टीकाही झाली. कडू कवठ हे चौलमुग्राच्याच कुळातले झाड. या कुळाचे तेल पुढे १९४० च्या दशकापर्यंत जगभर कुष्ठरोगावरचे मुख्य औषध होते. गुण मर्यादित, इंजेक्शन अतिशय वेदनादायक. एकाकडे औषध होते, दुसऱ्याकडे नकाशा. दोन्ही एकाच रुग्णाच्या कामी येण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली.

१४/
कार्टर १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. १८७३ मध्ये तो नॉर्वेला गेला. हॅन्सेनने कुष्ठरोगाचा जंतू पाहिला तेच वर्ष. तिथली कुष्ठालये पाहून त्याने भारतातही रुग्णांना वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला. त्याच्याविषयी आदराने लिहिणारे हा भाग घाईने ओलांडतात. ज्याने रोग मज्जातंतूत शोधला, त्यानेच रुग्णाला समाजाबाहेर ठेवण्याची शिफारस केली. औषध नसलेल्या काळात संसर्ग मानणारा डॉक्टर वेगळे काय सुचवू शकला असता, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या शिफारशीची किंमत डॉक्टरांनी मोजलेली नाही.

१५/
मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उघडला. त्यामागे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ. हा तोच ॲक्वर्थ, ज्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून छापले. पोवाड्यांच्या अभ्यासकांना एक ॲक्वर्थ माहीत असतो, वडाळ्याच्या रुग्णालयात जाणाऱ्यांना दुसरा.

१६/
मग १८९८ चा लेपर्स ॲक्ट आला. भीक मागणाऱ्या, निराधार कुष्ठरुग्णाला पोलिसाने विनावॉरंट पकडावे आणि आश्रमात डांबावे, अशी त्यात तरतूद होती. ‘लेपर’ कोण, याची व्याख्या मात्र वाचण्यासारखी आहे : ज्याच्या अंगावर व्रण होण्यास सुरुवात झाली आहे, तो. मज्जातंतूचा जाडपणा वैद्यकीय ग्रंथांत येऊन पन्नास वर्षे झाली होती. कायदा अजून जखम पाहत होता. पोलिसाला तेवढेच दिसणार होते, म्हणून व्याख्याही पोलिसाच्या डोळ्यांच्या मापाची झाली. व्रणाची ती अट पुढे काढली गेली, कायदा राहिला.

१७/
विदर्भात या चित्राला वेगळे वळण मिळाले. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामात गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करत. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापली, तिच्यातून आनंदवन उभे राहिले. हे सर्व मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्या मानाने वर्ध्याच्याच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे काम कमी ठाऊक आहे.

१८/
१९५१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. रा. वि. वारदेकर यांनी रुग्णाला आश्रमात आणण्याची दिशाच उलटी केली. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्यांची तीन अंगे : कार्यकर्त्याने घरोघर जायचे, प्रत्येकाला तपासायचे, रोग समजावून सांगायचा आणि डॅप्सोनच्या गोळ्या घरीच द्यायच्या. सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमानेही पुढे हीच रीत स्वीकारली. यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. घरोघर जाणारा हा कार्यकर्ता डॉक्टर नव्हता. कोपरामागची खोबण, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस नडगीशेजारच्या बारीक हाडाची मान, घोट्याच्या आतल्या उंचवट्यामागची जागा, मानेवरून कानाकडे जाणारी वाहिनी, हे सारे त्याने मृतदेह कधीही न उघडता, जिवंत माणसांवर बोट ठेवून शिकायचे होते. शरीररचनाशास्त्र विच्छेदनगृहातून अंगणात आले ते या वाटेने.

१९/
पण नेमक्या याच जागा का? कुष्ठरोग मज्जातंतूला धरतो, तर तो दंडात खोल, स्नायूंखाली का धरत नाही? याचा उलगडा दक्षिणेत झाला. पॉल ब्रँड हे तमिळनाडूच्या कोल्ली टेकड्यांत १९१४ मध्ये जन्मलेले शल्यविशारद. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असताना एका मृत रुग्णाच्या हातापायांतील मज्जातंतू त्यांनी आरंभापासून टोकापर्यंत मोकळे केले. सूज सर्वत्र सारखी नव्हती. कोपराच्या किंचित वर, मनगटाशी, गुडघ्याशी, घोट्याशी. जिथे मज्जातंतू त्वचेजवळ येतो तिथेच ती होती. जंतूला थंडावा मानवतो. शरीराच्या गाभ्यापेक्षा काही अंश कमी तापमानात तो वाढतो, म्हणून नाक, कान, त्वचा आणि उथळ मज्जातंतू हे त्याचे घर. बोटाला जी जागा सापडते, तीच जंतूलाही सापडते.

२०/
या एका शोधातून उपचार निघाला. मज्जातंतू कोपराशी बिघडला, तर त्याच्या खालचे स्नायू लुळे पडतील. पण ज्या स्नायूंना त्या जागेच्या वरून किंवा दुसऱ्या वाहिनीतून आज्ञा मिळते ते शाबूत असतील. म्हणजे पुढच्या बाहूत असा एखादा बलवान स्नायू शोधायचा, ज्याच्याशिवाय हाताचे अडणार नाही. त्याचा कंडरा सोडवून, लांबवून, लुळ्या बोटांना जोडायचा. मग रुग्णाने नव्याने शिकायचे : पूर्वी मनगट उचलणारा स्नायू आता बोटे सरळ करील. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. वाकलेली बोटे उघडली. कुष्ठाने वाकलेला हात कायमचा गेला, हा समज त्यांनी खोटा ठरवला. संवेदना मात्र परत आली नाही, येतही नाही.

२१/
संवेदनेचा हा मुद्दा ब्रँड यांनी आणखी पुढे नेला. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ असे सगळे जग मानत होते. बोटे झडत नाहीत. चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उचलले जाते, चपलेतला खिळा दिवसभर पायात राहतो, रात्री उंदीर बोट कुरतडतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. प्रत्येक वेळी थोडे मांस, थोडे हाड जाते. वेदना हा शाप वाटतो. ज्याच्याकडून ती गेली त्याचा हात ती किती राखत होती हे तेव्हा कळते. सहस्रावधी वर्षे ज्या खुणेवरून माणसाला गावाबाहेर काढले, ती रोगाची खूण नव्हतीच. ती भाजण्याची, कापण्याची आणि न दुखण्याची होती.

२२/
बाकीचा भाग थोडक्यात. जंतू डॅप्सोनला जुमानेनासा झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला; आता तो रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने दिला जातो. जंतू मरतो, रुग्ण बरा होतो. डिसेंबर २००५ मध्ये भारताने दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशपातळीवर गाठले. लेपर्स ॲक्ट रद्द झाला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होते.

२३/
देशपातळीची सरासरी मात्र जिल्ह्याला लागू होत नाही. २००५ नंतरही देशात दरवर्षी सुमारे लाखभर नवे रुग्ण सापडत राहिले आणि पूर्व विदर्भ त्या नकाशावर ठळक राहिला. येथे वेळेचा हिशेब कठोर आहे. मज्जातंतूचे काम थांबून सहा महिन्यांच्या आत स्टिरॉइडचा उपचार सुरू झाला, तर शक्ती पुष्कळदा परत येते. उशीर झाला, तर गोळ्यांनी जंतू मरतो आणि हात तसाच राहतो. ‘बरा झालेला’ आणि ‘रोवणीला जाऊ शकणारा’ या दोन वेगळ्या व्यक्ती होतात.

२४/
म्हणून आशा स्वयंसेविका अजूनही दारोदार जातात. दवनीवाड्यासारख्या गावात ही तपासणी पाहिली तर तिला लागणारी साधने खिशात मावतात. चट्ट्यावर बॉलपेनचे टोक हलके टेकवायचे. डोळे मिटून बसलेल्याने जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायचे. त्याने बोट ठेवले नाही, तर त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचे. तिथला तपासनीस करंगळी आणि अनामिकेत कागदाचा तुकडा धरायला लावतो आणि ओढून पाहतो. डोळे घट्ट मिटायला सांगतो आणि पापणीत फट राहते का ते पाहतो.

२५/
मग कोपर. रुग्णाचा हात सैल सोडवून, कोपर किंचित वाकवून, तपासनीस आपले बोट आतल्या उंचवट्यामागील खोबणीत सरकवतो. कार्टरने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जिच्यावर वाहिनीचे नाव वाहिनीच्याच दिशेने लिहिले होते, ती खोबण. दोरीसारखी नस बोटाखाली हळूच फिरवली जाते, मग दुसऱ्या हाताची, दोन्हींची जाडी ताडून पाहण्यासाठी. प्रशिक्षणात या वेळी एक सूचना आवर्जून दिली जाते. सुजलेली नस दुखते आणि रुग्ण ते बोलून दाखवीलच असे नाही. तेव्हा नस तपासताना कोपराकडे पाहायचे नाही. बोट खोबणीत ठेवायचे आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहायचे.